फाइलीच्या माथ्यावरचे ढमढेरे

जीसीसी हा कंपायलर ज्या हजारो फायलींचा बनला आहे, त्यांत ‘जीसीएसई’ नावाची एक फाइल आहे. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवताना त्यातली अनावश्यक पुनरावृत्ती शोधून काढून टाकायची, हे तिचे काम. या फाइलीच्या सुरुवातीला, कोड सुरू होण्याआधी, एक लांबलचक टिपण आहे. यंत्र ते वाचत नाही. पुढे कधीतरी ही फाइल उघडून दुरुस्त करू पाहणाऱ्या माणसासाठी ते लिहिले आहे. ज्या शोधनिबंधांच्या आधारावर हा कोड उभा आहे त्यांची यादी त्यात दिलेली आहे. यादीत फ्रेंच नावे आहेत, जर्मन आहेत, अमेरिकी आहेत. आणि दोन नोंदी डी. एम. ढमढेरे या नावाच्या आहेत, एक १९८८ ची आणि दुसरी १९९१ ची.

शिरूर तालुक्यातल्या माणसाने हे आडनाव वाचले की त्याला तळेगाव ढमढेरे आठवणार, हे ठरलेलेच. पुणे विद्यापीठातून संगणक अभियांत्रिकी केलेल्याला मात्र दुसरेच काही आठवते: तिसऱ्या वर्षाचा ‘एसपीओएस’ हा विषय, त्याच्या प्रॅक्टिकलला लिहावा लागणारा टू-पास असेम्ब्लर आणि ‘सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम्स’ हे जाडजूड पुस्तक. आमच्याकडे त्या पुस्तकाला कोणी नावाने ओळखत नाही, ‘ढमढेरे’ म्हटले की पुरते. हे ढमढेरे म्हणजे आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागात अनेक वर्षे शिकवणारे प्रा. धनंजय ढमढेरे. कंपायलरवरचे त्यांचे स्वतंत्र पुस्तक १९८३ मध्येच आले होते. परीक्षेपुरते हे पुस्तक वाचणाऱ्या आमच्यासारख्या हजारो मुलांना त्यांचे संशोधन माहीत नसते. ज्या कंपायलरवर आपण प्रॅक्टिकल करतो, त्याच्या पोटात याच लेखकाचे नाव आहे, हे तर कोणी सांगतच नाही.

त्या दोन नोंदींमागे एक मोठा इतिहास आहे. जगभर वापरली जाणारी एक वस्तू अनेकांच्या छोट्या छोट्या सुधारणा एकत्र करून कशी घडते, त्या सुधारणा आत घ्यायच्या की नाही हे कोण ठरवते, आणि एकदा आत आलेली गोष्ट कायम आत राहते का, याचा हा इतिहास आहे. त्यात मुंबई येते, पुणे येते, आणि ओघाने आपला शिरूर-दौंडचा पट्टाही येतो.

ऊस, काटा आणि चौफुला

आधी ढमढेरे यांनी नेमके काय केले ते पाहू. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यायची गरज नाही, दौंड तालुक्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणला तरी चालेल.

समजा, पाटसच्या साखर कारखान्याला उसाच्या गाड्या दोन बाजूंनी येतात. काही शिरूरकडून न्हावरे, केडगाव करत चौफुल्याला येतात. काही पुण्याकडून यवतवरून सोलापूर रस्त्याने चौफुल्याला येतात. तिथून पुढे सगळ्यांचा रस्ता एकच: वरवंड, मग पाटस. आता केडगावला एक वजनकाटा आहे आणि वरवंडला दुसरा. न्हावऱ्याकडून आलेल्या गाडीचे वजन केडगावला झालेले असते, तरी वरवंडला ते पुन्हा होते. यवतकडून आलेल्या गाडीचे मात्र वरवंडला पहिल्यांदाच होते. म्हणजे वरवंडचा काटा काही गाड्यांसाठी फुकटचा आणि काही गाड्यांसाठी गरजेचा. तो सरसकट काढताही येत नाही आणि ठेवला तर निम्म्या गाड्यांचा वेळ वाया जातो.

यावर तोडगा असा: यवतच्या बाजूने चौफुल्याच्या अलीकडे एक काटा बसवायचा आणि वरवंडचा काढून टाकायचा. आता प्रत्येक गाडीचे वजन एकदाच होते आणि एकही गाडी सुटत नाही. प्रोग्रॅममध्ये गाडीच्या जागी आकडेमोड असते. एका वाटेने येताना झालेले गणित पुढे पुन्हा होत असेल, तर त्याची जागा हलवून ते एकदाच करायचे. १९७९ मध्ये मोरेल आणि रेनव्वाज या दोन फ्रेंच संशोधकांनी ही हलवाहलव आपोआप करण्याची पद्धत मांडली. तोवर कंपायलर पुनरावृत्तीचे वेगवेगळे प्रकार वेगवेगळ्या तंत्रांनी काढत. या दोघांनी ते एकाच समीकरण-संचात बसवले.

पद्धत उत्तम होती, पण तिच्यात अडचणी होत्या. समजा, यवतच्या पुढे एक फाटा आहे. तिथून काही गाड्या चौफुल्याला येतात, तर काही दुसऱ्याच कारखान्याला जातात. काटा फाट्यावर बसवला तर पाटसशी संबंध नसलेल्या गाड्यांचेही वजन होणार. काटा चौफुल्यावर बसवला तर न्हावऱ्याकडच्या गाड्या पुन्हा अडकणार. योग्य जागा एकच आहे: फाटा आणि चौफुला यांच्या मधला रस्ता. पण मोरेल-रेनव्वाज पद्धतीत काटा बसवायची मुभा फक्त नाक्यांवर होती, दोन नाक्यांमधल्या रस्त्यावर नव्हती. त्यामुळे काही पुनरावृत्ती तशीच राहून जाई. शिवाय काही वेळा गणित विनाकारण फार मागे सरकवले जाई.

ढमढेरे यांच्या १९८८ आणि १९९१ च्या निबंधांचा गाभा इथे आहे. काटा रस्त्यावरही बसवता आला पाहिजे, म्हणजे दोन नाक्यांना जोडणाऱ्या वाटेवर गरज पडल्यास नवा नाका तयार करून तिथे गणित ठेवता आले पाहिजे, ही कल्पना त्यांनी वापरली आणि विनाकारण होणारी हलवाहलव कमी केली. १९९१ च्या निबंधाच्या शीर्षकातच मोरेल आणि रेनव्वाज यांची नावे आहेत, आणि आपण त्यांच्या पद्धतीचे व्यवहारात चालेल असे रूप देत आहोत, असे ते शीर्षक सांगते. नवी पद्धत शोधल्याचा आविर्भाव त्यात नाही. दुसऱ्याच्या कामात कुठे अडते ते शोधून तेवढेच नीट केले आहे.

गोष्ट तिथे थांबली नाही. ड्रेक्सलर आणि स्टाडेल या जर्मन संशोधकांनी १९८८ मध्ये याच पद्धतीतल्या एका अडचणीवर उपाय सुचवला होता. १९९२ मध्ये क्नूप, र्‍यूटिंग आणि स्टेफेन या तिघांनी आणखी एक पाऊल टाकले. वजनाची चिठ्ठी ड्रायव्हरला कारखान्यापर्यंत खिशात सांभाळावी लागते. काटा जितका लवकर, तितकी चिठ्ठी जास्त वेळ सांभाळायची. प्रोसेसरचे खिसे, म्हणजे रजिस्टर, मोजकेच असतात, आणि ते चिठ्ठ्यांनीच भरले तर दुसरे काम अडते. म्हणून वजन एकदाच करायचे, पण शक्य तितके उशिरा, असे त्यांनी मांडले. १९९३ मध्ये ड्रेक्सलर आणि स्टाडेल यांनी त्याचे आणखी सोपे रूप दिले. जीसीसीत आज जे चालते ते याच शेवटच्या घराण्यातले आहे. ढमढेरे यांची पद्धत जशीच्या तशी तिथे नाही. पण ज्या पायऱ्यांवरून कंपायलर तिथवर पोहोचला, त्यांतल्या दोन पायऱ्या त्यांच्या आहेत, आणि कोड लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे तशी नोंद करून ठेवली आहे.

ढमढेरे यांचे विद्यार्थी उदय खेडकर यांनी त्यांच्यासोबत १९९४ मध्ये अशा विश्लेषणांचा एक व्यापक सिद्धान्त प्रसिद्ध केला. मोरेल-रेनव्वाज पद्धतीत माहिती प्रोग्रॅममध्ये पुढेही वाहते आणि मागेही, त्यामुळे ती समजायला अवघड जाते. या दुहेरी प्रवाहालाही सामावून घेणारी मांडणी या दोघांनी केली. खेडकर यांनी काही वर्षे पुणे विद्यापीठात शिकवले आणि मग ते आयआयटी मुंबईत गेले. त्यांचे नाव पुढे पुन्हा येईल.

ठिगळे साचतात

कागदावरची सुधारणा आणि चालत्या कोडमधली सुधारणा यांत मोठे अंतर असते. निबंध छापून आला की तो सगळ्यांचा होतो. कोडचे तसे नाही, तो आत घ्यायला कोणीतरी दार उघडावे लागते.

जीसीसीची पहिली आवृत्ती रिचर्ड स्टॉलमन यांनी मार्च १९८७ मध्ये लोकांसमोर ठेवली. मुक्त सॉफ्टवेअरची त्यांची ‘ग्नू’ योजना १९८३ मध्ये जाहीर झाली होती, आणि कंपायलर हा तिचा कणा होता. कोणीही तो घ्यावा, वाचावा, बदलावा, वाटावा, फक्त पुढच्याला तीच मोकळीक द्यावी, एवढीच अट. लोक बदल करू लागले. आणि हे बदल एकमेकांकडे पाठवायला एक साधन नुकतेच तयार झाले होते. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये ‘पॅच’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. जुन्या आणि नव्या फाइलीतला फरक फक्त पाठवायचा, समोरच्याने तो आपल्या प्रतीवर चढवायचा. पॅच म्हणजे ठिगळ. जगभरच्या प्रोग्रॅमरांनी हा शब्द इतका अंगवळणी पाडून घेतला आहे की त्यातला शिवणकामाचा अर्थ कोणाच्या लक्षातही येत नाही. मराठी घरात मात्र ठिगळ आणि गोधडी यांचे नाते सांगावे लागत नाही. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे तुकडे एकावर एक टाचून जी ऊबदार वस्तू तयार होते, तिच्यात कोणता तुकडा कोणाचा हे घरातल्या बाईला बरोबर ठाऊक असते.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर जीसीसीची गोधडी शिवायची थांबली, ठिगळे मात्र येतच राहिली. मूळ आवृत्तीत बदल घेण्याचा अधिकार अगदी मोजक्या हातांत होता. चालू कामाच्या प्रती थोड्याच लोकांना पाहायला मिळत. स्थैर्य टिकवायचे म्हणून सावधपणा होता, आणि त्या सावधपणाला कारणेही होती, कारण कंपायलरमधली चूक ही त्यावर बांधलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची चूक होते. पण परिणाम असा झाला की फोरट्रान भाषेची जोड, पेंटियम प्रोसेसरसाठीच्या सुधारणा, सी++ मधले बदल हे सगळे वेगवेगळ्या लोकांच्या वेगवेगळ्या प्रतींत अडकून पडले. एकाची सुधारणा हवी तर दुसऱ्याची सोडावी लागे.

दौंडकरांना ही परिस्थिती रेल्वेच्या भाषेत सहज कळेल. दौंड-मनमाड मार्ग १८७८ चा. पण तो मुख्य मार्गाला अशा बाजूने मिळाला होता की पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडात आली की इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. झेलम एक्सप्रेसने गेलेल्या प्रत्येकाने तो थांबा अनुभवला आहे. रूळ होते, गाड्या होत्या, जंक्शनही होते. अडचण होती ती फक्त एका वळणाची. अलीकडच्या काळात कॉर्ड लाइन झाली आणि दिशा न बदलता गाडी वळवता येऊ लागली.

जीसीसीची कॉर्ड लाइन ऑगस्ट १९९७ मध्ये पडली. काही जणांनी, ज्यांत सिग्नस या कंपनीचे इंजिनिअर आघाडीवर होते, साचलेली ठिगळे एकत्र करून ‘एग्स’ नावाची वेगळी शाखा काढली. त्याच वर्षी मे महिन्यात एरिक रेमंड यांनी ‘कॅथेड्रल आणि बाजार’ हा निबंध वाचला होता, ज्यात मोजक्यांनी बंद दाराआड घडवलेल्या सॉफ्टवेअरची तुलना गजबजलेल्या बाजाराशी केली होती. एग्सने बाजाराची वाट धरली. चालू कामाची प्रत कोणालाही रोजच्या रोज पाहता येईल अशी उघडी ठेवली आणि निर्णय एका समितीकडे दिले. पहिली आवृत्ती डिसेंबर १९९७ मध्ये आली. सप्टेंबर १९९८ मधल्या १.१ आवृत्तीत संपूर्ण फंक्शनभर पुनरावृत्ती शोधणारा नवा टप्पा आला. तोच आपला ‘जीसीएसई’.

म्हणजे मुंबईत मांडलेली १९८८ ची कल्पना, जर्मनीतल्या सुधारणांसह, दहा वर्षांनी जीसीसीच्या घराण्यात शिरली ती मुख्य दाराने नव्हे, बंडखोर शाखेच्या दाराने. एप्रिल १९९९ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने हे बंड मान्य केले आणि एग्सच्या समितीलाच अधिकृत जीसीसीची जबाबदारी दिली. जुलै १९९९ मध्ये जीसीसी २.९५ आली. शाखाच खोड झाली.

वेशीवरची तपासणी

दार उघडे म्हणजे वाट्टेल ते आत, असा याचा अर्थ नाही. आज जीसीसीत चार ओळींचा बदल घालायचा असेल तरी काय काय करावे लागते ते पाहण्यासारखे आहे.

बदल करणाऱ्याने आधी बदललेला कंपायलर तीन वेळा बांधायचा असतो. जुन्या कंपायलरने नवा बांधायचा, त्या नव्याने स्वतःलाच पुन्हा बांधायचे, आणि त्या दुसऱ्याने तिसऱ्यांदा. दुसरा आणि तिसरा अगदी तंतोतंत सारखे निघाले पाहिजेत. नंतर चाचण्यांचा मोठा संच चालवायचा आणि आधी उत्तीर्ण होणारी एकही चाचणी नापास झालेली नाही हे दाखवायचे. दोषदुरुस्ती असेल तर तो दोष पुन्हा आला तर पकडेल अशी नवी चाचणी जोडायची. काय बदलले याची फाइलवार, फंक्शनवार नोंद लिहायची. मग त्या विभागाच्या जबाबदार माणसाकडे पाठवायचे आणि थांबायचे. उत्तर आले नाही तर काही दिवसांनी नम्रपणे आठवण करायची, हाही रूढ शिष्टाचार आहे.

वेळही पाहावी लागते. वर्षाचा पहिला मोठा भाग नव्या सुधारणांसाठी मोकळा असतो, त्यानंतर फक्त दोषदुरुस्ती, आणि प्रकाशनाच्या आधी तर आधी नीट चालणारी आणि आता बिघडलेली गोष्ट तेवढीच दुरुस्त करता येते. पेरणीच्या वेळी पेरणी आणि काढणीच्या वेळी काढणी, तसा हा हंगाम २०१५ पासून दर वसंत ऋतूत एक मोठी आवृत्ती देत आला आहे.

याशिवाय एक कागदी अडथळा होता. जीसीसीत लक्षणीय भर घालणाऱ्याला आपल्या कोडचा स्वामित्वहक्क फाउंडेशनच्या नावे करून द्यावा लागे, आणि नोकरी करणाऱ्याच्या बाबतीत मालकाचीही लेखी संमती लागे. भारतातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत, जिथे ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिलेला प्रत्येक शब्द कंपनीचा असे करारात लिहिलेले असते, तिथे ही संमती मागायला कोणत्या साहेबाकडे जायचे हाच पहिला प्रश्न. जून २०२१ मध्ये ही सक्ती उठली. आता ‘हा कोड देण्याचा मला हक्क आहे’ अशी सही बदलासोबत जोडली तरी चालते.

पुण्याचे पान

ही सगळी तपासणी पार करून पुणे जीसीसीत पोहोचले ते एका कंपनीच्या रूपाने. केपीआयटी ही पुण्याची कंपनी २००२ पासून काही वर्षे केपीआयटी कमिन्स या नावाने चालत होती. हिताची आणि मित्सुबिशी यांच्या चिप-विभागांतून २००३ मध्ये जपानची रेनेसास कंपनी उभी राहिली. तिच्या एसएच आणि एच८ या प्रोसेसरांसाठी जीसीसीची तयार, तपासलेली प्रत केपीआयटीतर्फे मोफत दिली जाई आणि ती वापरणाऱ्यांना मदतही केली जाई. हे प्रोसेसर डेस्कटॉपमध्ये दिसत नाहीत. ते यंत्रांच्या पोटात असतात. रांजणगाव एमआयडीसीत फ्रिज, वॉशिंग मशीन, मोटारी तयार होतात. अशा वस्तूंत बोटाच्या नखाएवढी एक चिप बसून पाणी किती घ्यायचे, मोटर कधी थांबवायची ते ठरवत असते, आणि तिच्यातला प्रोग्रॅम कोणत्या तरी कंपायलरमधूनच बाहेर पडलेला असतो. शिरूर तालुक्याच्या उद्योगाचा आणि कंपायलरचा संबंध असा रोजचा आहे, दिसत नाही एवढेच.

२०१२ मध्ये केपीआयटीचे नाव जीसीसीत ठळकपणे आले. नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीच्या सीआर१६ या सोळा-बिट प्रोसेसरसाठीचा संपूर्ण विभाग त्यांनी दिला, आणि तो जीसीसी ४.७ मध्ये आला. ही आवृत्ती २२ मार्च २०१२ रोजी, जीसीसीच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, प्रसिद्ध झाली. त्या विभागाच्या फायलींच्या माथ्यावर केपीआयटी कमिन्सचे नाव होते. नव्या प्रोसेसरसाठी विभाग लिहायचा म्हणजे त्या प्रोसेसरची प्रत्येक सूचना, प्रत्येक रजिस्टर, फंक्शनला हाक मारताना कोणती किंमत कुठे ठेवायची याचे नियम, हे सगळे कंपायलरला शिकवायचे. हे चिकाटीचे काम आहे आणि त्यात शेकडो बारीक निर्णय असतात.

याच सुमारास मुंबईत खेडकर यांचे जीसीसी रिसोर्स सेंटर काम करत होते. कंपायलर पुस्तकात नीटनेटका दिसतो, पण लाखो ओळींच्या खऱ्या जीसीसीत शिरायचे कसे हे कोणी शिकवत नाही, ही उणीव ओळखून त्यांनी २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या. गुरूचे नाव ज्या कोडच्या माथ्यावर होते, तो कोड वाचायचा कसा हे शिष्य शिकवू लागला होता.

पण सीआर१६ ची पुढची हकीकत सुखाची नाही. हा विभाग जीसीसीत येईपर्यंत नॅशनल सेमीकंडक्टर स्वतःच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या पोटात गेली होती, २०११ मध्ये. केपीआयटीचीही पुढे २०१९ पर्यंत मोठी फेररचना झाली, आयटी सेवांचा भाग बिर्लासॉफ्टकडे गेला आणि मोटारींच्या सॉफ्टवेअरचा भाग वेगळा झाला. दरम्यान जीसीसी बदलत राहिला. आतली रचना बदलली की प्रत्येक प्रोसेसरच्या विभागात त्याला जुळणारे बदल करावे लागतात. जो विभाग कोणी सांभाळत नाही, त्याचे ओझे उरलेल्या सगळ्यांवर पडते. २०२२ मध्ये जीसीसी १२ ने सीआर१६ कालबाह्य ठरवला आणि एप्रिल २०२३ मध्ये जीसीसी १३ मधून तो काढून टाकला. अकरा वर्षांचे आयुष्य.

उलट ‘जीसीएसई’ अजून आहे. २००५ मध्ये जीसीसी ४.० आली तेव्हा कंपायलरचा मधला भाग जवळजवळ नव्याने उभारला गेला आणि पुनरावृत्ती काढण्याचे बरेचसे काम एका नव्या टप्प्याकडे गेले. तरी जुनी फाइल टिकली, शेवटच्या टप्प्यात उरलेसुरले टिपायला ती लागतेच. २०२२ मध्ये तिच्या नावाची शेपटी बदलून ती सी++ ची फाइल झाली. माथ्यावरची यादी तशीच राहिली.

संख्येचा मोह

एक टिकले आणि दुसरे गेले, यात गुणवत्तेचा निवाडा नाही. ढमढेरे यांची सुधारणा कोणत्याही प्रोसेसरला लागू पडणारी होती, म्हणून प्रोसेसर बदलले तरी तिला धोका पोहोचला नाही. सीआर१६ चे काम एका चिपच्या नशिबाशी बांधलेले होते. पण फरक तेवढाच नाही. पहिल्या कामाला सतत कोणी ना कोणी सांभाळणारे मिळत गेले, दुसऱ्याला पुरेसे मिळाले नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दिलेली गोष्ट आपोआप जिवंत राहत नाही. विहीर बांधून दिली म्हणून गाळ काढायचा राहत नाही, तसे हे आहे.

आपल्याकडे या सांभाळण्याच्या कामाला जागा नाही, आणि याची किंमत आपण मोजतो आहोत. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ‘नवा’ असावा लागतो. चार मुलांनी मिळून आधीच असलेल्या एखाद्या मोठ्या प्रकल्पातले सहा दोष शोधले, प्रत्येकासाठी चाचणी लिहिली आणि ते स्वीकारले गेले, तर त्याला गुण कोणत्या रकान्यात द्यायचे हे परीक्षकाला कळत नाही. त्यापेक्षा आणखी एक हजेरी-नोंदणीचे ॲप सोपे पडते, जे सादरीकरणानंतर कोणी उघडत नाही.

मग कोणी ‘ओपन सोर्समध्ये योगदान द्या’ म्हणाले की आपण संख्येकडे धावतो. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात चार बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. जगभरच्या प्रकल्पांवर अक्षरशः कचरा येऊन पडला: कुणी नुसते एक विशेषण घातले, कुणी शीर्षकात ‘अप्रतिम’ जोडले. त्यात आपल्याकडचे विद्यार्थीही पुष्कळ होते. प्रकल्प सांभाळणाऱ्यांचे तासन्‌तास तो कचरा उपसण्यात गेले, आणि उपक्रम चालू असतानाच आयोजकांना नियम बदलावे लागले. २०२४ च्या सुरुवातीला एक्स्प्रेस या जावास्क्रिप्टच्या प्रकल्पावर पुन्हा तसेच झाले. एका शिकवणीच्या व्हिडिओत उदाहरण म्हणून दाखवलेला प्रयोग मुलांनी खऱ्या प्रकल्पावर करून पाहिला, आणि माहितीपत्रकात स्वतःचे नाव घालणारे बदल एकामागून एक येत राहिले.

दोन्हीकडे बदल छोटेच होते. चार ओळींचा बदल ढमढेरे यांच्या अर्थाने सुधारणा असू शकतो आणि टी-शर्टच्या अर्थाने उपद्रवही. पहिला बदल करणाऱ्याने आधी दुसऱ्याचे काम पूर्ण वाचलेले असते, ते कुठे अडते ते शोधलेले असते, आणि आपला बदल तपासायला समोरच्याचा किती वेळ जाईल याचा विचार केलेला असतो. नाव त्यानंतर येते, आलेच तर. ढमढेरे यांचे नाव त्या फाइलीत त्यांनी स्वतः घातलेले नाही. ज्याला त्यांचा निबंध उपयोगी पडला, त्याने ते घातले.

याचा एक व्यावहारिक अर्थ निघतो. शिरूर, दौंड, बारामतीकडची मुले पुण्यात खोली घेऊन संगणक शिकतात, आणि आता तर तालुक्याच्या आसपासही महाविद्यालये झाली आहेत. एसपीओएसच्या तासाला टू-पास असेम्ब्लर लिहून घेताना शिक्षकाने जीसीसीचा कोड उघडून माथ्यावरची ती यादी एकदा दाखवावी. त्याला खर्च नाही, परवानगी नाही. पुढच्या तासाला त्याच कोडमधला एखादा नोंदवलेला, कोणी हात न लावलेला बारीक दोष घ्यावा. तो पुन्हा घडवून दाखवणे, तो पकडणारी चाचणी लिहिणे, तीन वेळा कंपायलर बांधणे, नोंद लिहिणे, एवढे एका सत्रात होते. बदल स्वीकारला जाईल की नाही हे पुढचे. नाकारला गेला तरी का नाकारला हे लेखी येते, आणि ते उत्तर परीक्षेच्या गुणपत्रिकेपेक्षा जास्त शिकवते.

सीआर१६ ची फाइल आजच्या जीसीसीत नाही, पण ती नाहीशीही झालेली नाही. जानेवारी २०२० पासून जीसीसीचा सगळा इतिहास गिटमध्ये आहे, १९८० च्या दशकापर्यंत मागे जाणारा. जीसीसी १२ ची प्रत कोणालाही उतरवून घेता येते, आणि तिच्यात पुण्याच्या इंजिनिअरांनी लिहिलेला तो विभाग जागेवर आहे. सोळा-बिट प्रोसेसर कंपायलरला कसा शिकवायचा हे ज्याला पाहायचे असेल, त्याच्यासाठी ती उत्तम वही आहे.